गुंडातात्यांच्या नावावर नऊ काळजं

गुंडा पवारांचं हृदय रोज बदलत होतं, आणि हा शोध आपल्या नावावर लागणार अशी माझी खात्री होत चालली होती.

सत्त्याण्णव साल होतं. बी.एस्सी. फिजिक्सचा निकाल लागून चार महिने झाले होते. मी मूळची मेढ्याची, शिक्षण साताऱ्यात झालं, आणि सांगलीत डॉक्टर आरवाड्यांच्या हृदयरोगाच्या दवाखान्यात ईसीजी काढायच्या कामावर लागले होते. काम आवडत होतं, पण त्यात नवं काही नव्हतं. पेशंट आडवा करायचा, तारा लावायच्या, पट्टी फाडून चिकटवायची. मग एके दिवशी डॉक्टर मुंबईहून एक खोकं घेऊन आले आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

खोकं साबणाच्या वडीएवढं होतं. मागच्या अंगाला धातूचे चार बारीक पाय. ते छातीला टेकवून हिरवं बटण दाबलं की एक मिनिटाचा ईसीजी आत साठायचा. मग कुठल्याही फोनवरून आमचा नंबर लावायचा, बोलायच्या बाजूला खोकं धरायचं आणि लाल बटण दाबायचं. खोकं शिटी घालायचं. हृदयातली वीज जशी वरखाली होईल तसा शिटीचा सूर वरखाली व्हायचा, आणि इकडे सांगलीत आमच्या यंत्रावर रिसीव्हर पालथा ठेवला की त्या सुराची पुन्हा रेघ होऊन कागदावर उतरायची. आत एकच मिनिट मावायचं. नवं साठवलं की जुनं पुसलं जायचं.

पहिल्या दिवशी मी दवाखान्यासमोरच्या एसटीडी बूथवरून माझं स्वतःचं हृदय दवाखान्यात तीनदा पाठवलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनीच फोन उचलला आणि म्हणाले, "आम्रपाली, तू पूर्ण बरी आहेस. आता रस्ता ओलांड आणि कामाला लाग."

हे खोकं कुणाला द्यायचं, हा प्रश्नच नव्हता. कुंडलचे गुंडा पवार, वय साठ, तीन महिन्यांत तीनदा येऊन गेले होते. गावातल्या पाणीपुरवठा संस्थेत ते पाटकरी होते, म्हणजे कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं ते ठरवायचं त्यांचं काम. त्यांची तक्रार एकच.

"डाक्टरसायेब, छातीत म्हस उधळल्यावानी व्हतंय. दावं तोडून पळतीया नुसती."

"आता होतंय का?"

"आता कुठलं! यष्टीत बसलं की म्हस खाली बसती."

तिन्ही वेळा त्यांचा ईसीजी पाठ्यपुस्तकात छापावा असा निघाला होता. डॉक्टरांना त्यांच्यावर विश्वास होता, पण पट्टीवर काही दिसल्याशिवाय औषध कुठलं द्यायचं? तात्यांच्या सोबत दरवेळी त्यांची बायको मनुबाई यायची आणि मांडीवर पिशवी घेऊन बाहेरच्या बाकावर बसायची. एकदा मी त्यांना पाणी विचारलं, तर म्हणाल्या, "ह्यास्नी द्या."

डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या बोलीवर खोकं तात्यांना दिलं. कसं वापरायचं ते मी शिकवलं. तात्यांनी दोन मिनिटांत ते आपल्या भाषेत बसवून घेतलं.

"म्हंजे हिरवं दाबलं की पानी आत घ्यायचं, लाल दाबलं की सोडायचं. सोपं हाय की!"

"आणि त्रास नसला तरी दिवसातून एकदा पाठवा. आम्हाला तुमचं नेहमीचं कसं दिसतं ते कळेल."

भिजवू नका, आपटू नका, म्हशीच्या गव्हाणीत ठेवू नका, हे सगळं मी सांगितलं. एक सूचना राहिली. ती द्यावी लागेल असं कुणाला वाटलं असतं?

दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. बूथचा मालक बाळासो नंबर लावायचा आणि आकाशवाणीच्या थाटात सांगायचा, "हॅलो सांगली! गुंडा पवार, कुंडल. सोडतोय बघा!" मग ती शिटी, थरथरणारी, उचकी लागल्यासारखी. तीन दिवस पट्ट्या सारख्याच आल्या. चौथ्या दिवशी उंच लाटा बुटक्या झाल्या. त्याच दुपारी दुसरा फोन आला आणि त्यात त्या पुन्हा उंच, पण रुंद. पाचव्या दिवशी तीन फोन, तीन तऱ्हा.

मी वही काढली. प्रत्येक लाटेची उंची मिलिमीटरमध्ये मोजून तक्ता केला. खोकं धरण्याची जागा बदलली तर किती फरक पडतो हे बघायला माझ्याकडे दुसरं खोकं नव्हतं, म्हणून दवाखान्यातली साधी तार स्वतःच्या छातीवर एकेक अंगठा सरकवत चौदा पट्ट्या काढल्या. फरक पडत होता, पण एवढा नाही. म्हणजे गुंडा पवारांचं हृदय खरोखरच दिवसागणिक स्वभाव बदलत होतं! वहीच्या पहिल्या पानावर मी 'पवार परिणाम' असं लिहिलं. संध्याकाळी ते खोडून 'पवार-खरात परिणाम' केलं. खरात माझं आडनाव.

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून तक्ता पाहिला. "तात्या श्वास धरत असतील, खोकं तिरकं धरत असतील. म्हस उधळलेली पट्टी आली की मला सांग. शोध पुढच्या महिन्यात लाव."

मी काही मागे हटले नाही. गुरुवारी सकाळी पट्टीवर रेघा मारायला फूटपट्टी-पेन्सिल घेऊनच बसले होते.

नऊ वाजून वीस मिनिटांनी फोन आला. "गुंडा पवार, कुंडल. सोडतोय बघा!" शिटी सुरू झाली आणि मला वाटलं, लाईन तुटली. एक उचकी. मग सपाट सूर, लांबलचक. मग दुसरी उचकी.

कागदावर जे उतरलं ते मी पुस्तकात पाहिलं होतं, माणसात कधी नाही. हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या बारक्या लाटा मिनिटाला ऐंशीच्या चालीनं नेमानं येत होत्या. खालच्या कप्प्याच्या मोठ्या लाटा मिनिटाला चौतीस. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. एका घरात राहून बोलणं टाकलेल्या दोन जावांसारख्या आपापल्या वाटेनं चालल्या होत्या.

मी पट्टी घेऊन आत धावले. डॉक्टरांनी पाहिली आणि हातातला कप खाली ठेवला.

"हा माणूस उभा आहे?"

"बूथवर आलाय, म्हणजे उभा असणार."

"वरचा निरोप खाली पोचतच नाहीये. खालचा कप्पा आपल्या मनानं चाललाय, जमेल तोवर. कधीही थांबेल, भोवळ येईल, आणि पडलेला माणूस उठेलच असं नाही. आजच्या आज इथे हवा. तार घालायची. लाव फोन."

बाळासोनं तात्यांना लूनावर बसवून पाच मिनिटांत बूथवर आणलं. फोनवर तात्यांचा आवाज ठणठणीत होता. "काय वो ताई, काय झालं? मी न्ह्यारी करत हुतो."

"तात्या, खाली बसा. बसलात? मनगटावर बोट ठेवा आणि प्रत्येक ठोक्याला मोठ्यानं मोजा."

"एक, दोन, तीन, चार..." तात्या तालमीत जोर मोजावेत तसे मोजत सुटले. मी घड्याळ धरलं. शहात्तर.

चौतीसचं शहात्तर कसं झालं? मी खोकं आणायला लावलं, तिथंच छातीला लावून पट्टी पाठवायला सांगितलं. आली. पहिल्या तीन दिवसांतली तीच नेहमीची, छापावी अशी पट्टी.

"तात्या, मग सकाळची पट्टी कुणाची?"

मग बाळासोनं रिसीव्हर घेतला.

"ताई, रागाला येऊ नगासा. तात्यांनी पाळ्या लावल्यात."

"कसल्या पाळ्या?"

"काळजाच्या. नऊ जनांच्या."

डॉक्टर जोडणीच्या फोनवर ऐकत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या वहीकडे पाहिलं. पवार-खरात परिणाम म्हणजे कुंडलची नऊ माणसं होती. मला एकदम हसू फुटलं आणि त्याच क्षणी ते थांबलं, कारण त्या नवांतलं एक कुणीतरी या घटकेला उन्हात, शेतात, विहिरीच्या काठावर चौतीसच्या चालीनं चालत होतं आणि त्याला ते माहीत नव्हतं.

"तू जा," डॉक्टर म्हणाले. "नाडी बघ, माणूस शोध. सापडला की एक पाऊल चालू देऊ नकोस. आडवं करून जीपनं आण."

साडेअकराच्या सुमाराला मी कुंडलच्या स्टँडवर उतरले. बूथसमोर जत्रा भरली होती. तात्या पाणी संस्थेची वही काखेत घेऊन उभे होते, शाळेत मास्तरांसमोर उभं राहावं तसे.

"ताई, चूक आमचीच. पर ऐका तरी. मशीनला तीन रोज झाले तरी माजी म्हस उधळली न्हाई. खोकं रिकामं बसलं हुतं. पाट भरून वाहतोय आन् कुनाचंच भिजंना, हे मला बगवत न्हाई."

"पण सगळ्यांनी तुमचं नाव का सांगितलं?"

"मशीन माज्या नावावर हाय न्हवं! पान्याचा अर्ज एकाच्या नावावर आसतोय, भिजतं समद्यांचं."

मी वही मागून घेतली. वहीच्या शेवटच्या पानावर पाळ्यांची यादी होती, वार आणि वेळेसकट. पहिलं नाव बौद्धवाड्यातल्या पारूबाईंचं. त्या समोरच उभ्या होत्या, पदर कमरेला खोचून.

"माजं पयलं का, इचारा की ह्यास्नी," पारूबाई म्हणाल्या. "पाटाचं पानी टेलकडनं, शेवटाकडनं सुरू करायचं, आसा कायदा हाय. दर साली ह्ये हेडकडनं सुरू करत्यात आन् आमच्यापातूर चिखल येतोय. म्हनलं, काळजाचं तरी कायद्यानं करा!"

सगळे हसले. तात्यासुद्धा. मी पारूबाईंचं मनगट धरलं. अठ्ठ्याहत्तर. ठणठणीत.

"गुरुवार सकाळ कुणाची?" मी विचारलं.

यादीत नानासोंचं नाव होतं. गर्दीतून त्यांना पुढे ढकललं. जाडजूड गृहस्थ, घामाघूम. नाडी चौऱ्याऐंशी.

"पर आज माजी न्हवती, ताई. आमच्या मोटरीचा मानूस यायचा हुता. मी सयाजीला बदली दिली."

पाण्याच्या पाळीची बदली चालते, तशी हिचीही चालत होती. मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, "सयाजी कोण?"

सयाजी फौजेतनं हवालदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी सावधान उभं राहून हात पुढे केला, जणू मी पदक द्यायला आले होते. बासष्ट.

"फिट!" ते म्हणाले.

"फिट," मी म्हटलं. "पण सकाळी पट्टी तुम्ही पाठवलीत का?"

"नो मॅडम. मला पलूसला जायचं हुतं. मी शालूबाईला दिली. तिची शनवारची मला."

आता मी निघाले ती शालूबाईंच्या घराकडे आणि माझ्यामागून अख्खी यादी निघाली, यादीत नसलेलेही निघाले. वाटेत एकेकाची नाडी मोजत होते. कुणाची नव्वद, कुणाची अठ्ठ्याऐंशी. एक तरणा गडी म्हणाला, "ताई, माजी आदी ऱ्हात्यात साठ. तुमी हात धरला की वाढत्यात." त्याला पारूबाईंनी पाठीत धपाटा घातला. मी हसत होते, पण दर वेळी मनगटावर बोट टेकताना मनात यायचं, हे असेल तर? हे नसेल तर ते कुठे आहे? घड्याळात बारा वाजत आले होते. पट्टी आल्याला अडीच तास होऊन गेले होते.

शालूबाई दारात धुणं पिळत होत्या. माझ्या मागचा लोंढा बघून त्यांनी पिळलेलं लुगडं पुन्हा बादलीत टाकलं.

"मीच सोडलं सकाळी. का? काय निघालं माज्यात?"

मी मनगट धरलं. मला अपेक्षा होती चौतीसची. निघाले ब्याण्णव.

"काकू, सकाळी नेमकं काय काय केलंत? तसंच्या तसं करून दाखवा."

तात्यांनी खोकं दिलं. शालूबाईंनी ते छातीला टेकवलं, डोळे मिटले आणि मोठ्या आत्मविश्वासानं बटण दाबलं. लाल. खोकं त्यांच्या छातीवरच शिटी घालायला लागलं.

"गायलं बगा! गायलं की मी पळत बूथवर गेली. तिथं बाळासोनं पुन्यांदा गायाला लावलं."

हिरवं बटण त्यांनी दाबलंच नव्हतं. पाणी आत घेतलंच नव्हतं, नुसतं सोडलं होतं. म्हणजे बूथवरून सांगलीला गेलं ते त्यांचं मिनिट नव्हतं. त्यांच्या आधी कुणीतरी भरून ठेवलेलं मिनिट होतं. मी हळूहळू विचारलं, कारण मला आता उत्तराची भीती वाटायला लागली होती.

"काल संध्याकाळची पट्टी कुणाची होती?"

"माजी," पारूबाईंशेजारचा एक म्हातारा म्हणाला. त्याची नाडी मी मघाशीच मोजली होती. आणि कालची संध्याकाळची पट्टी मला आठवत होती, ठीक होती.

"मग खोकं रात्री कुठं होतं?"

"आमच्यात," तात्या म्हणाले. "देव्हाऱ्याशेजारी. रोज तितंच ऱ्हातंय."

"सकाळी तुमच्या हातात कुणी दिलं, शालूकाकू?"

"मनुवैनीनं."

"तात्या, घरात कोण कोण असतं?"

"मी आन् ही. पोरगा साईराज फौजंत, जम्मूला..." तात्यांचं वाक्य तिथंच थांबलं. "ती? आवं ती कशी आसंल? ती तर पहाटं चारला उठती."

"कुठे आहेत त्या?"

"वाडं आनाया गेलीया."

आम्ही पळत सुटलो. हृदयाच्या पेशंटनं पळू नये असं मी तात्यांना ओरडून सांगत होते आणि ते माझ्या पुढे होते.

तोडणी झालेल्या उसाच्या फडाच्या कडेनं मनुबाई येत होत्या. डोक्यावर वाड्याचा भारा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, त्यांच्यापेक्षा रुंद. चालत होत्या संथपणे, बांधावर एकेक पाऊल ठेवत.

"काकू! थांबा! भारा टाका!"

"टाकू कशी? म्हस वरडाया लागलीया घरात."

सयाजींनी पुढे होऊन भारा उतरवला. तात्यांनी त्यांना बांधावर बसवलं. मी त्यांचं मनगट धरलं. एक ठोका. मग काहीच नाही. इतका वेळ काही नाही, की मला वाटलं मी बोट चुकीच्या जागी ठेवलंय. मग दुसरा. पळाल्यामुळे माझं स्वतःचं काळीज कानात वाजत होतं. त्यांच्या दोन ठोक्यांच्या मधे मी माझे चार मोजले. मिनिट पूर्ण झालं. चौतीस.

"सापडलं," मी म्हटलं, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या.

"काकू, भोवळ येते?"

"येती की. चुलीपुढनं उठताना. भितीला धरली की जाती. वय झालं म्हनलं."

"कवापास्नं?" तात्या ओरडले. "मला का न्हाई सांगितलंस?"

"तुमाला सांगायला तुमचं काळीज ठिकान्यावर हाय व्हय? मी सांगायची आन् तुमची म्हस उधळायची. दोगांनी यष्टीत बसून काय गाव फिरायचं?"

आता सगळे हसले, तात्या सोडून. मी विचारलं, "सकाळी खोकं तुम्ही लावलं होतंत?"

मनुबाई जरा लाजल्या. "समद्या गावाचं गातंय, माजं गातंय का बगावं म्हनलं. धार काढली आन् धरलं छातीला. हिरवं दाबलं. तेवड्यात ही शालू आली, ऐकायचं ऱ्हाऊनच गेलं. पाळी न्हवती माजी, म्हायती हाय मला. पाट बंद केल्यावर मागं वगळीत थोडं पानी साचून ऱ्हातंय, तेवडंच घेतलं म्हना."

तात्या त्यांच्यासमोर बांधावर बसले होते. ते हळूच म्हणाले, "त्ये पानी कुनाच्याच नावावर नसतंय. शेवटाला आसंल त्यानं घ्यावं."

बाळासोनं तोवर गावातली ट्रॅक्स जीप मिळवली होती. मागच्या फळीवर गोधड्या टाकून मनुबाईंना आडवं केलं. त्या सारख्या उठून म्हशीविषयी सूचना देत होत्या. शेवटी शालूबाईंनी शपथ घेतली, धार काढीन, पेंड घालीन, नावानं हाक मारीन. तेव्हा कुठे गाडी निघाली. मी मनुबाईंच्या मनगटावर बोट ठेवून बसले, ते सांगली येईतो उचललं नाही.

पलूस मागे पडलं आणि समोर बसलेल्या तात्यांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी छातीवर हात ठेवला.

"ताई, म्हस सुटली."

"यष्टीत बसलं की बसते म्हणाला होतात!"

"ही यष्टी कुठं हाय?"

माझा एक हात मनुबाईंच्या मनगटावर. मी दुसऱ्या हातानं तात्यांचं धरलं. त्यांचे ठोके एकमेकांच्या पाठीवर पडत होते. खोकं काढायला मला तिसरा हात नव्हता. मनुबाईंनी पडल्यापडल्या माझ्या पिशवीतून खोकं काढलं, कुशीवर वळल्या, नवऱ्याच्या सदऱ्यात हात घालून ते त्याच्या छातीला टेकवलं आणि हिरवं बटण दाबलं.

"हलू नगासा," त्या म्हणाल्या. "गाडीला सांगा, हळू."

एक मिनिट आम्ही तिघं तसेच बसलो. तात्यांचे मी पंधरा सेकंदांत पंचेचाळीस मोजले. म्हणजे एकशे ऐंशी. मनुबाईंचे चौतीस. सवयीनं माझ्या डोक्यात सरासरी निघाली, एकशे सात. जरा जास्त, पण चालण्यासारखी. हे मी मोठ्यानं बोलले असणार, कारण ड्रायव्हर गाडी चालवता चालवता हसायला लागला आणि मनुबाई म्हणाल्या, "मग द्या की वाटून निम्मं निम्मं!"

मिनिट संपल्यावर मी तात्यांना डॉक्टरांनी शिकवलेला उपाय सांगितला. नाक दाबा, तोंड मिटा आणि आतून जोर करा. तात्यांनी गाल फुगवले, चेहरा तांबडा झाला, कपाळाची शीर वर आली. दहा मोजेपर्यंत धरलं, सोडलं, आणि त्यांच्या मनगटावर ठोके अचानक थबकून नीट चालायला लागले.

"बसली," ते म्हणाले. मग घाम पुसून, "आदी सांगायचं न्हाई व्हय? तीन यष्टीचं भाडं वाचलं आसतं."

डॉक्टर आरवाडे दारात उभे होते. मनुबाईंना सरळ आत नेलं. मानेजवळच्या शिरेतून बारीक तार हृदयाच्या खालच्या कप्प्यात सरकवायची आणि बाहेरच्या एका यंत्रानं तिच्यातून ठोके द्यायचे, असं ते काम. कायमचं यंत्र नंतर बसवायचं होतं. साईराज फौजेत असल्यामुळे ते पुण्याच्या लष्करी रुग्णालयात होणार होतं. पण आजचा दिवस निघायला हवा होता. पडद्यावर रेघ चालली होती. तार टेकायच्या आधी चौतीसचे एकोणतीस झाले. एकदा सपाट रेघ इतकी लांबली की नर्सनं माझा दंड पकडला. डॉक्टर तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, बोटानं तार केसभर पुढे सरकवली आणि यंत्राची मोठी चकती फिरवली.

टक. टक. टक. टक.

पडद्यावर उंच, सारख्या अंतरावरच्या लाटा उगवल्या. सत्तर. मी पडदा सोडून मनुबाईंकडे पाहिलं. त्यांच्या ओठांना रंग येत होता. नखांना येत होता. त्यांनी डोळे उघडले आणि छताकडे पाहिलं.

"दिवा मोठा केला का? लय उजेड दिसाया लागलाय."

तात्यांना आत बोलावलं. ते पायाशी येऊन उभे राहिले, हात जोडावेत की कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. त्यांची ट्रॅक्समधली पट्टी तोवर डॉक्टरांनी पाहिली होती आणि त्यांच्या औषधाचं नाव लिहून झालं होतं. मनुबाई मात्र उशाशी ठेवलेल्या यंत्राकडे बघत होत्या.

"ह्ये किती वर ठेवलंय?"

"सत्तर," डॉक्टर म्हणाले.

"आन् ह्यांचं किती हाय?"

मी तात्यांची नाडी पाहिली. "शहात्तर."

"आन् माजं सत्तर?" मनुबाईंचा आवाज इतका खणखणीत मी तोवर ऐकलाच नव्हता. "आवं डाक्टर, पहाटं चारला कोन उठतंय? म्हस कोन बगतंय? ह्ये पाटावर छत्री घिऊन बसत्यात! ह्यांच्यापरास दोन तरी वर ठेवा."

"काकू, सत्तर पुरे असतात."

"ह्यास्नी पुरं आसतील."

डॉक्टरांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "ठेवा सायेब. तिचं खरं हाय."

डॉक्टरांनी चकती जराशी फिरवून अठ्ठ्याहत्तरवर आणली. पडद्यावरच्या लाटा किंचित जवळ आल्या. मनुबाईंनी कुणालाच काही विचारलं नाही. आपल्या डाव्या मनगटावर आपलंच बोट टेकवलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावले आणि ओठ हलवायला लागल्या. आम्ही तिघं श्वास धरून उभे. एकतीस, बत्तीस, तेहेतीस...

"थांबा," त्या म्हणाल्या. "चुकली. पुन्यांदा मोजती."